कॅमेऱ्याच्या आधारे स्वतंत्र व्यवसाय

प्रस्तावना

लग्नसमारंभाची, गावच्या मेळ्याची किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिली आहे. ती पाहताना आपले लक्ष वधूवरांकडे, नर्तकांकडे किंवा ओळखीच्या चेहऱ्यांकडे असते. ज्याने तासन्‌तास उभे राहून ते सारे टिपले, तो मात्र चित्रफितीत कोठेही दिसत नाही. अशी कामे करणारी बहुसंख्य माणसे कोणाच्या नोकरीत नसतात. स्वतःचा कॅमेरा, स्वतःचे कौशल्य आणि स्वतःचा शब्द एवढ्या भांडवलावर ती व्यवसाय करतात. प्रस्तुत पाठात छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील उदाहरणे समोर ठेवून या व्यवसायाचे स्वरूप, तंत्र, व्यवहार आणि जबाबदाऱ्या आपण समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण –
• कॅमकॉर्डर या साधनाची वाटचाल थोडक्यात सांगू शकाल;
• चित्रण करताना प्रकाश, आवाज व साठवण यांची काळजी कशी घ्यावी हे स्पष्ट करू शकाल;
• कामाचा मोबदला ठरवताना कोणते खर्च धरावेत याचा हिशेब मांडू शकाल;
• चित्रफितीच्या मालकीविषयीचा नियम सांगू शकाल;
• चित्रणकाराच्या सामाजिक जबाबदारीविषयी आपले मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. एक जुनी परंपरा

स्वतःचा कॅमेरा घेऊन स्वतंत्रपणे चित्रण करण्याची परंपरा आपल्या देशात सव्वाशे वर्षांची आहे आणि तिचा आरंभ एका मराठी माणसाने केला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलचित्रांचा खेळ झाला. या नव्या कलेने हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांना भारून टाकले. लोक त्यांना सावेदादा म्हणत. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांनी इंग्लंडहून चलचित्रणाचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती चित्रित केली. पुढे १९०१ मध्ये केंब्रिज विद्यापीठात मोठे यश मिळवून परतलेल्या रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण त्यांनी केले. त्यास भारतातील पहिला वार्तापट मानले जाते. सावेदादांना कोणी नेमले नव्हते. काय टिपण्याजोगे आहे, हे त्यांनी स्वतः ठरवले. आजच्या स्वतंत्र चित्रणकाराचे ते पूर्वज होत.

२. फितीपासून कार्डापर्यंत

दृश्य टिपणारा कॅमेरा आणि ते नोंदवून ठेवणारे यंत्र एकाच पेटीत बसवले की कॅमकॉर्डर तयार होतो. पूर्वी ही दोन यंत्रे वेगळी असत. कॅमेरा एकाच्या खांद्यावर, रेकॉर्डर दुसऱ्याच्या खांद्यावर आणि दोघांना जोडणारी केबल असे हे लटांबर होते. १९८३ मध्ये सोनी कंपनीने बेटामूव्ही हा सामान्य ग्राहकांसाठीचा पहिला कॅमकॉर्डर बाजारात आणला. त्यावर चित्रण करता येई, पण केलेले चित्रण त्यावरच पाहता येत नसे. पुढे व्ही.एच.एस. फितीचे कॅमेरे लग्नमंडपात रूढ झाले. या फितीचा मोठा दोष असा, की प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी चित्र थोडे अधिक फिकट व अस्पष्ट होई.

१९९५ मध्ये डी.व्ही. ही डिजिटल पद्धत आली. तिच्यात चित्र आकड्यांच्या रूपाने नोंदले जाते. त्यामुळे दहावी प्रतही मूळ चित्रणाइतकीच स्पष्ट राहते. फितीवरील चित्रण केबलद्वारे संगणकात घेता येऊ लागले आणि संकलनाचे काम घरच्या संगणकावर शक्य झाले. २००८ मध्ये कॅनन कंपनीच्या एका छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यावर पूर्ण हाय डेफिनिशन चित्रण होऊ लागले आणि फितीची जागा मेमरी कार्डाने घेतली. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल फोनवर उत्तम चित्र टिपता येते.

या बदलाचा व्यवसायावर खोल परिणाम झाला. एके काळी ज्याच्याकडे कॅमेरा, त्याच्याकडे काम, अशी स्थिती होती. आता कॅमेरा सर्वांकडे आहे. ग्राहक पैसे देतो ते कॅमेरा कोठे, केव्हा आणि कसा धरावा हे जाणणाऱ्या माणसाला.

३. रायपुरातील कामाचे स्वरूप

रायपूर परिसराचा दृक्‌श्राव्य माध्यमाशी संबंध जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरदर्शन पोहोचवण्याचा प्रयोग देशातील ६ राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत झाला. त्यात तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर परिसराची गावेही होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. त्याच वर्षी आलेल्या ‘मोर छइंहा भुइंया’ या छत्तीसगडी चित्रपटाला प्रेक्षकांनी मोठा प्रतिसाद दिला. त्यानंतर छत्तीसगडी चित्रपट आणि लोकगीतांच्या चित्रफिती यांच्या निर्मितीला जोर आला. शासकीय कार्यालये, वृत्तवाहिन्या, महाविद्यालये आणि रुग्णालये यांची वाढ झाली, तशी चित्रणाची गरजही वाढली.

येथील स्वतंत्र चित्रणकाराला साधारणपणे चार प्रकारची कामे मिळतात. पहिले, लग्न व कौटुंबिक समारंभ. दुसरे, लोकगीते, पंडवानी, पंथी नृत्य इत्यादींचे चित्रण. तिसरे, संस्था व शासकीय विभागांसाठी माहितीपट. चौथे, वृत्तवाहिन्यांना बातमीगणिक मोबदल्यावर चित्रण पुरवणे.

लग्नाचे काम सर्वांत अधिक असले, तरी ते बारमाही नसते. देवउठनी एकादशीनंतर मुहूर्त सुरू होतात. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमासात खंड पडतो. वैशाखात अक्षय तृतीयेला, म्हणजे छत्तीसगडी बोलीतील ‘अक्ती’ला, एका दिवशी गावोगाव लग्ने लागतात. पुढे चातुर्मासात काम थांबते. म्हणून आठ महिन्यांच्या मिळकतीवर बारा महिने कसे काढावेत, हा विचार या व्यवसायात आरंभापासून करावा लागतो. पावसाळ्यातील रिकामा काळ संकलन, यंत्रांची दुरुस्ती आणि माहितीपटांची कामे यांसाठी वापरणारा माणूस टिकतो.

रायपुरात अनेक समाज एकत्र नांदतात. छत्तीसगडी लग्नात चुलमाटी, तेलचघी, भांवर, टिकावन असे विधी असतात. नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर १८५४ पर्यंत होती. त्या काळापासून आणि पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त येथे मराठी कुटुंबे स्थायिक झाली. तात्यापारा हा भाग त्यांच्या वस्तीसाठी ओळखला जातो. मराठी लग्नात मंगलाष्टके संपताच अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांना माळ घालतात. तो क्षण फार तर दोन-तीन सेकंदांचा असतो. अंतरपाट केव्हा सरणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा कॅमेरा नेमका त्या वेळी पाहुण्यांकडे वळलेला असतो. म्हणून विधींचा क्रम भटजींकडून आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून आदल्या दिवशी समजून घेणे हा या कामाचाच भाग आहे.

पाठगत प्रश्न – १
(अ) डी.व्ही. पद्धतीमुळे प्रती काढण्यात कोणता फरक पडला?
(आ) रायपुरात लग्नाचे काम बारमाही का नसते?
(इ) चित्रणकाराने विधींचा क्रम आधी का समजून घ्यावा?

४. प्रकाश आणि आवाज

मानवी डोळा प्रकाशाच्या रंगाशी आपोआप जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ते सांगावे लागते. दिवसाचा प्रकाश निळसर, तर हॅलोजन दिव्याचा प्रकाश पिवळसर असतो. सकाळी अंगणात हळद आणि सायंकाळी मंडपात लग्न असे चित्रण एकाच मांडणीत केले, तर एका ठिकाणी चेहरे निळे किंवा दुसऱ्या ठिकाणी पिवळे दिसतात. यासाठी जागा बदलताच पांढरा कागद कॅमेऱ्यासमोर धरून पांढऱ्या रंगाची जुळणी करून घ्यावी.

दुसरी अडचण दिव्यांच्या लुकलुकण्याची. आपल्या देशातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, पण शटरचा वेग त्याच्याशी जुळत नसेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवल्यास हा दोष बहुधा टळतो.

नवशिक्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष आवाजाकडे होते. चित्र थोडे हलले तरी प्रेक्षक सहन करतो. शब्द ऐकू आले नाहीत तर तो उठून जातो. कॅमेऱ्यावरील माइक दहा फुटांवरील वक्त्याबरोबरच मागचा बँड आणि जनरेटरही तितक्याच निष्ठेने टिपतो. म्हणून बोलणाऱ्याच्या कपड्याला लावण्याचा छोटा माइक वापरावा किंवा सभागृहातील ध्वनियंत्रणेतून थेट जोडणी घ्यावी. चित्रण चालू असताना कानाला हेडफोन असावा. तुटलेली तार घरी गेल्यावर ऐकू आली, तर तिचा काही उपयोग नाही.

रायपूरचे हवामानही विचारात घ्यावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेला कॅमेरा व बॅटरी यांचे आयुष्य घटते. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत कॅमेरा एकदम बाहेर काढल्यास काचेवर बाष्प जमते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे आणि चित्रणापूर्वी कॅमेरा काही वेळ पिशवीतच बाहेरच्या हवेत ठेवणे, हे साधे उपाय आहेत.

५. साठवण आणि प्रती

चित्रणाला किती जागा लागेल याचा हिशेब आधीच करावा. समजा, कॅमेरा सेकंदाला ५० मेगाबिट या वेगाने नोंद करतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ५० ÷ ८ = ६.२५ मेगाबाइट प्रतिसेकंद, म्हणजे मिनिटाला ३७५ मेगाबाइट आणि तासाला सुमारे २२.५ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर पावणेतीन तासांहून थोडे अधिक चित्रण मावेल. आठ तासांच्या लग्नाला १८० गिगाबाइट जागा लागेल आणि दोन प्रतींना ३६० गिगाबाइट.

दोन प्रती कशासाठी? घरातील लग्न पुन्हा लागत नाही. कार्ड बिघडले, डिस्क पडली किंवा चुकून पुसली गेली, तर ग्राहकाला पैसे परत देता येतात. तो दिवस परत देता येत नाही. त्यामुळे एक शिस्त कटाक्षाने पाळावी : चित्रणाच्याच रात्री कार्डावरील सामग्री दोन वेगळ्या डिस्कवर घ्यावी, दोन्ही प्रती उघडून पाहाव्यात, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी आणि तोपर्यंत मूळ कार्ड पुसू नये.

६. मोबदला आणि मालकी

स्वतंत्र व्यावसायिकाची सर्वांत मोठी चूक दर ठरवताना होते. एक काल्पनिक उदाहरण पाहू. दोन दिवसांच्या लग्नाचे २०,००० रुपये ठरले. मदतनीस दोन दिवसांचा, २,००० रुपये. प्रवास १,२०० रुपये. ग्राहकाला द्यावयाची डिस्क ८०० रुपये. संगणक, वीज इत्यादी ७५० रुपये. आता कॅमेऱ्याची झीज. १,५०,००० रुपयांची सामग्री चार वर्षे, दरवर्षी ६० दिवस वापरली, तर २४० दिवसांसाठी दर दिवसाची झीज ६२५ रुपये होते. दोन दिवसांची १,२५०. एकूण खर्च ६,००० रुपये. उरले १४,००० रुपये. काम दोन दिवसांचे दिसले, तरी संकलनाला सहा दिवस आणि गाठीभेटी व पोहोचवणी यांना एक दिवस लागला. म्हणजे नऊ दिवसांचे १४,००० रुपये. दिवसाला सुमारे १,५५५. हा हिशेब न करता शेजारच्या स्पर्धकापेक्षा पाच हजार कमी सांगणारा माणूस आपलाच कॅमेरा थोडा थोडा विकत असतो.

व्यवहार लेखी असावा. त्यात तारखा, ठिकाणे, चित्रणाचे तास, अंतिम चित्रफितीची लांबी, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल, आगाऊ रक्कम, उर्वरित रक्कम देण्याची वेळ आणि काम रद्द झाल्यास काय, एवढे मुद्दे एका पानावर मावतात. आगाऊ रकमेची पावती द्यावी. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांहून अधिक झाल्यास छत्तीसगडमध्ये वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते, हेही लक्षात असावे.

चित्रफितीची मालकी कोणाची, याविषयी मोठे गैरसमज आहेत. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्रफीत तयार केली असेल आणि वेगळा करार नसेल, तर ती करून घेणारी व्यक्ती प्रथम मालक ठरते. म्हणजे लग्नाची चित्रफीत सामान्यतः ग्राहकाची. ती आपल्या जाहिरातीसाठी वापरायची असेल, तर तशी परवानगी करारातच घ्यावी. चित्रफितीला चित्रपटगीत जोडून ती इंटरनेटवर प्रसिद्ध करताना त्या गीताच्या हक्कधारकाची परवानगी लागते, याचाही विसर पडू नये.

ड्रोनने चित्रण करण्याची मागणी आता वाढली आहे. त्यासाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. व्यवसायासाठी २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावे लागते. विमानतळाच्या परिसरात उड्डाणावर निर्बंध असतात. रायपूरचे विमानतळ माना येथे आहे. त्या बाजूच्या समारंभाचे काम घेण्यापूर्वी हे तपासावे.

पाठगत प्रश्न – २
(अ) शटरचा वेग १/५० ठेवल्याने कोणता दोष टळतो?
(आ) चित्रणाच्या दोन प्रती का ठेवाव्यात?
(इ) वेगळा करार नसल्यास लग्नाच्या चित्रफितीचा प्रथम मालक कोण असतो?

७. अल्प साधने, मोठी हौस

साधने थोडी असली तरी काम अडत नाही, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे सापडते. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा विनोदी चित्रपट साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर तयार केला. कलाकार गावातलेच होते. सरकत्या दृश्यांसाठी सायकल आणि उंचावरील दृश्यांसाठी बैलगाडी अशा युक्त्या तेथे वापरल्या गेल्या. या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ मध्ये केला आणि गावातील हौशी मंडळींची कथा जगभर पोहोचली. महागडा कॅमेरा घेण्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी आहे त्या साधनातून किती काढता येते, हे अजमावून पाहावे.

८. जुन्या फितींचा उद्धार

या व्यवसायात अलीकडे आणखी एक काम निर्माण झाले आहे. १९८५ ते २००५ या काळातील समारंभ व्ही.एच.एस. व मिनी डी.व्ही. फितींवर आहेत आणि त्या कपाटात पडून आहेत. फितीवरील चुंबकीय थर कालांतराने सुटू लागतो. दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी धरते. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाई कंपनीने, २०१६ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. फीत शाबूत असली तरी ती चालवणारे यंत्र मिळेनासे झाले आहे.

ज्याच्याकडे चालू स्थितीतील जुने यंत्र आहे, तो या फिती संगणकावर उतरवून देऊ शकतो. हे काम घाईचे नाही. तीन तासांच्या फितीला तीनच तास लागतात. वेग वाढवता येत नाही. बुरशी आलेली फीत तशीच यंत्रात घातल्यास यंत्र खराब होते आणि पुढच्या फितीलाही लागण होते. प्रथम कोरड्या जागी ठेवून, काळजीपूर्वक स्वच्छ करून मगच ती लावावी. अशा एखाद्या फितीत कोणाच्या दिवंगत आजीचे ओवी म्हणणे असते, कोणाच्या वडिलांचा आवाज असतो. तो आवाज जगात दुसरीकडे कोठेही नोंदलेला नसतो. फितीवर नाव, गाव व दिनांक लिहून ठेवण्याची सवय आज ज्याला आहे, त्याचे काम पन्नास वर्षांनीही उपयोगी पडेल. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा २०११ चा माहितीपट चौदा वर्षांच्या चित्रणातून उभा राहिला. नीट जपलेल्या चित्रणाची किंमत अशी उत्तरोत्तर वाढत जाते.

९. कॅमेरा आणि जबाबदारी

कॅमेरा हातात आला की माणसाला एक प्रकारची सत्ता मिळते. राजीमच्या मेळ्यात नदीत स्नान करणारी स्त्री, रुग्णालयातील आजारी माणूस, शोकाकुल कुटुंब यांचे चित्रण त्यांच्या संमतीवाचून करणे योग्य नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे हा तर कायद्याने गुन्हा आहे. आदिवासी भागात नृत्याचे चित्रण करताना आधी बोलावे, कारण सांगावे, नकार मिळाल्यास कॅमेरा खाली ठेवावा आणि चित्रफीत तयार झाल्यावर ती त्या लोकांना दाखवावी.

बातमीसाठी चित्रण करणाऱ्यांचे काम धोक्याचेही असते. दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दंतेवाडा जिल्ह्यात नक्षलवादी हल्ल्यात मृत्युमुखी पडले. बिजापूर येथील स्वतंत्र पत्रकार मुकेश चंद्राकर यांनी आपल्या भागातील रस्त्याच्या कामातील गैरप्रकारांविषयी वार्तांकन केले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा खून झाला. नोकरदार कॅमेरामनच्या पाठीशी निदान त्याची संस्था असते. स्वतंत्र माणसाला विमा, सोबत आणि माहिती यांची व्यवस्था स्वतःच करावी लागते. आपण कोठे जात आहोत व केव्हा परतणार, हे विश्वासू व्यक्तीला सांगितल्यावाचून अशा कामाला निघू नये.

विद्यार्थिमित्रहो, हा व्यवसाय शिकण्यासाठी मोठी पदवी लागत नाही, पण शिकणे मात्र कधी संपत नाही. एखाद्या अनुभवी चित्रणकाराबरोबर एक हंगाम मदतनीस म्हणून काम करावे. दिवे धरावेत, तारा गुंडाळाव्यात, कार्डांवर नावे लिहावीत. त्या हंगामात हात बसतो आणि हा व्यवसाय आपल्याला मानवतो की नाही, हेही कळते.

आपण काय शिकलो?

• चित्रणाची स्वतंत्र परंपरा सावेदादांपासून सुरू झाली.
• तंत्र बदलले, तरी प्रकाश, आवाज व प्रती यांची काळजी घेणे आवश्यकच आहे.
• मोबदला ठरवताना संकलनाचे दिवस व साधनांची झीज धरावी. व्यवहार लेखी करावा.
• जुन्या फिती वाचवणे हे उपजीविकेचे व समाजोपयोगी काम आहे.
• ज्यांचे चित्रण करतो, त्यांची संमती व सन्मान जपावा.

शब्दार्थ

वार्तापट – घडलेल्या घटनांचे चलचित्र. संकलन – चित्रणाचे तुकडे निवडून जोडणे. लटांबर – सांभाळण्यास अवघड असा पसारा. खरमास – विवाहादी कार्यांसाठी वर्ज्य मानलेला काळ. झीज – वापरामुळे होणारी घट. शाबूत – सुस्थितीतील.

स्वाध्याय

१. ‘ग्राहक पैसे देतो ते कॅमेरा कोठे, केव्हा आणि कसा धरावा हे जाणणाऱ्या माणसाला’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
२. सेकंदाला २४ मेगाबिट वेगाने पाच तासांचे चित्रण केल्यास किती गिगाबाइट जागा लागेल, ते काढा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या चित्रणकाराची मुलाखत घेण्यासाठी आठ प्रश्न तयार करा.
४. एका लग्नाच्या चित्रणासाठी एका पानाचा करारनामा लिहा.
५. आपल्या घरात जुनी फीत किंवा जुने छायाचित्र असल्यास त्यातील व्यक्ती, ठिकाण व काळ यांची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.